पाण्यानं काढलेला पूल

मुलांनो, एक सोपा प्रश्न. मामाच्या गावाला जाताना, बाजारला जाताना किंवा शाळेच्या वाटेवर एखादा जुना दगडी पूल तुम्हाला लागत असेल. तो तुम्ही आजवर किती वेळा ओलांडला असेल? शंभर वेळा? पाचशे वेळा? मग सांगा पाहू, त्या पुलाला कमानी किती आहेत?

अडलात ना? त्यात तुमचा दोष नाही. पुलावरून जाणाऱ्याला पूल दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त कठडा आणि पुढच्या गाडीची पाठ! पूल पाहायचा तर रस्ता सोडून नदीच्या काठाला यावं लागतं. आणि तो नीट पाहायचा असेल, तर सोबत कागद, पेन्सिल, रंगाची पेटी आणि तांब्याभर पाणी घेऊन तासभर एका जागी बसावं लागतं. जलरंगात दगडी पूल काढणं हा नुसता चित्रकलेचा तास नाही, बरं का! त्यात विज्ञान आहे, भूगोल आहे आणि इतिहासही आहे. कसा ते पाहू या.

नद्यांचा तालुका

पुण्याहून नाशिककडे निघालेली एस.टी. इंद्रायणी आणि भीमा ओलांडून आंबेगाव तालुक्यात शिरते. कळंबजवळ घोड नदी लागते. पुढे जुन्नर तालुक्यात नारायणगावला मीना आणि मग कुकडी. या सगळ्या सह्याद्रीच्या लेकी. घोड उगम पावते आहुप्याच्या डोंगरात. कुकडीचा उगम नाणेघाटाच्या बाजूला, पूर गावातल्या कुकडेश्वराच्या देवळापाशी. मीना या दोघींच्या मधली. ती पुढे कुकडीला मिळते, कुकडी घोडेला मिळते आणि घोड जाते भीमेला.

या नद्यांचा स्वभाव मोठा मजेशीर. डोंगरात पावसाची झड लागली की गढूळ पाण्याचे लोंढे धावत येतात आणि खाली मैदानात आभाळ कोरडं असलं, तरी नदी दुथडी भरते. धरणं झाली नव्हती तेव्हा उन्हाळ्यात याच नद्यांचं पाणी डोहाडोहांत उरायचं. बैलगाड्या सरळ पात्रातून पलीकडे जायच्या. पावसाळ्यात मात्र या काठचा माणूस या काठाला आणि त्या काठचा त्या काठाला! वाट पाहायची, नाहीतर नावाड्याला हाक मारायची. म्हणून पूल झाला की गावाचं नशीब उघडायचं. आजाऱ्याला दवाखाना, शेतमालाला बाजार, मुलांना शाळा, सगळं जवळ यायचं.

सिमेंट-काँक्रीट सर्रास वापरात येण्याआधी मोठ्या रस्त्यांवरचे पक्के पूल बहुतेक दगडाचे, नाहीतर लोखंडाचे असत. आपल्याकडे दगडाला काय तोटा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि थंड झाले. तोच आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. शिवनेरीचा कडा याच दगडाचा. लेण्याद्रीची लेणी याच दगडात कोरलेली. एकट्या जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. दोन हजार वर्षांपासून इथला माणूस या दगडाला छिन्नी लावत आला आहे.

कमान का पडत नाही?

चित्र काढण्याआधी पूल उभा कसा राहतो, ते समजून घेऊ. घरी एक प्रयोग करा. दोन जाड पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवा. त्यांच्यावर जाड कागदाची एक पट्टी आडवी टाका आणि मधोमध खोडरबर ठेवा. पट्टी लगेच वाकेल. आता थोडी लांब पट्टी घ्या. ती वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये कमानीसारखी बसवा. तिची दोन्ही टोकं पुस्तकांना टेकली पाहिजेत. तोच खोडरबर वर अलगद ठेवा. कमान तो पेलेल. आता एक पुस्तक थोडं मागे सरकवा. काय झालं? कमान बसली!

दगडी कमानीत हेच घडतं. कमानीतला प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. आधी लाकडी साचा उभारायचा. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत यायचं. अगदी शेवटी मधला चावीचा दगड बसवायचा. तो बसला की साचा काढून घेता येतो. वरून जितका भार येईल, तितके दगड एकमेकांना घट्ट दाबतात. तो भार कमानीतून वळत वळत दोन्ही बाजूंच्या खांबांत आणि तिथून जमिनीत उतरतो. म्हणजे कमानीची ताकद तिच्या पायात असते. पाय हलले की कमान गेली!

दगडांच्या सांध्यांत असायचा चुना. बैल जुंपलेल्या घाणीत चुना आणि वाळू मळून एकजीव करायची. जुने गवंडी चुन्यात कधी गूळ, कधी हिरड्याचं पाणीही घालत. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरात राहणाऱ्या मुलांना हिरडा काही नवा नाही. त्यांच्या घरी दरवर्षी तो गोळा होतो, वाळतो आणि विकला जातो.

पाण्याला वाट हवी

पुलाचा खरा मालक कोण? रस्ता? छे! पाणी. पुलात दगड किती घातले यापेक्षा पाण्याला वाट किती ठेवली, हे जास्त महत्त्वाचं. कमानीखालची मोकळी जागा म्हणजे नदीचं दार. ते अरुंद असलं किंवा पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांनी अडलं, की पाणी मागे तुंबतं आणि पुलावर जोर करतं. म्हणून जुन्या पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूला बहुधा होडीसारखं टोकदार नाक असतं. ते पाणी चिरतं आणि दोन्ही बाजूंना वळवतं. पुढच्या वेळी मुद्दाम पाहा.

पाण्याची ताकद पाहायची असेल, तर आपल्याच कुकडीच्या काठाने खाली पारनेर तालुक्यातल्या निघोजला जावं. तिथे नदीने कठीण काळ्या पाषाणात रांजणासारखे खोल खळगे पाडले आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं गरगर फिरत राहिले आणि त्यांनी तळाचा खडक घासून काढला. ज्या पाण्याने डोंगराचा दगड असा कोरला, ते पुलाच्या पायथ्याला सोडेल का? पुराचं पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करतं आणि तिथली माती-वाळू उकरून नेतं. वरून पूल धडधाकट दिसतो, पण पाय उघडे पडू लागतात.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला महापूर आला होता. मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल त्यात वाहून गेला. काळोखात पूल नाही हे कळायला मार्ग नव्हता. दोन एस.टी. बस आणि इतर वाहनं नदीत पडली आणि कितीतरी माणसं गेली. तेव्हा जुना पूल सुंदर म्हणून त्याच्याकडे नुसतं कौतुकाने पाहून भागत नाही. त्याची नियमित तपासणी लागते, कमानी मोकळ्या ठेवाव्या लागतात, सांध्यांत रुजलेले पिंपळ-उंबर वेळीच काढावे लागतात.

जुना पूल जायचा आणि नवा यायचा, ही गोष्ट पूर्वीपासून चालत आलेली आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ 1830 साली लाकडी पूल झाला. त्याच्या जागी दगडी कमानींचा पूल 1875 साली खुला झाला. तोच संगम पूल. त्याच्या जवळच अभियांत्रिकीचं जुनं महाविद्यालय आहे. ते 1854 साली सुरू झालं ते रस्ते, पूल, धरणं, कालवे बांधायला माणसं तयार व्हावीत म्हणूनच. त्या काळच्या इंजिनिअरला चित्र काढता येणं भाग होतं. पुलाचा आराखडा शाईने काढून त्यावर पातळ रंगाचे हात देण्याची तेव्हा पद्धत होती. म्हणजे पुष्कळसे पूल नदीवर उभे राहण्याआधी कागदावर रंगले होते!

कागद, डिंक आणि पाणी

आता रंगाच्या पेटीकडे वळू. जलरंगाची वडी म्हणजे रंगाची अगदी बारीक पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाणी लागलं की डिंक विरघळतो आणि रंग पसरतो. पाणी उडून गेलं की डिंक तोच रंग कागदाला धरून ठेवतो.

पोस्टर रंग जाड असतो, तो खालचं सगळं झाकून टाकतो. जलरंग पारदर्शक असतो. उजेड रंगातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून चांगलं जलरंगचित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. यात पांढरा रंग वापरायचा नसतो. पांढरा कुठला? कागदाचा! जिथे ऊन हवं, पाण्यावरची चमक हवी, तिथला कागद कोरा सोडायचा. एकदा तो रंगला की पुन्हा कोरा होत नाही. पूल बांधणारा पाण्यासाठी जागा सोडतो, चित्रकार उजेडासाठी जागा सोडतो. दोघांनाही आधी ठरवावं लागतं, काय भरायचं नाही ते.

कागदावरून आठवलं. जुन्नर एके काळी कागदासाठी नावाजलेलं गाव होतं. मराठेशाहीत ‘जुन्नरी कागद’ ओळखला जायचा. हा कागद हाताने करणारे कारागीर म्हणजे कागदी. हातकागदाची रीत अशी, की जुन्या चिंध्या, गोणपाट चुन्यात भिजवायचं, कुटायचं, वाहत्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं आणि त्याचा लगदा करायचा. चाळणीसारख्या जाळीवर त्याचा पातळ थर उचलायचा आणि वाळवायचा. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरूने लिहिताना शाई फुटत नाही. नदी, चुना आणि दगड! ज्या तीन गोष्टींनी पूल, त्याच तीन गोष्टींनी कागद.

चला, काढू या

आधी जागा निवडा. पुलावर बसू नका आणि पात्रातही उतरू नका. वर धरण असेल तर पाणी सोडल्यावर कडक उन्हाळ्यातही नदी एकाएकी वाढते. पावसाळ्यात तर काठालासुद्धा एकट्याने जायचं नाही, घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. पुलाच्या जरा तिरक्या बाजूला, सावलीत बसा. सकाळी आठ-नऊची किंवा दुपारी चारनंतरची वेळ उत्तम. ऊन तिरपं असलं की कमानींच्या सावल्या खोल दिसतात.

पहिली दहा मिनिटं पेन्सिलीला हात लावू नका. नुसतं पाहा. कमानी किती? सगळ्या सारख्या की मधली मोठी? पुराची खूण खांबावर कुठपर्यंत आहे? एखादी कमान दुरुस्त केलेली दिसते का? तिथले दगड वेगळे आहेत का? डोळे बारीक करून पाहा, म्हणजे बारीकसारीक गोष्टी जातात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार राहतात.

मग हलक्या हाताने रेखाटन करा. आधी कठड्याची रेघ, मग पाण्याची रेघ, मग खांब. कमानी शेवटी. तिरकं बसून पाहिलं, तर लांबची कमान जवळच्या कमानीपेक्षा अरुंद आणि बुटकी दिसते. पाणी संथ असेल तर कमान आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक पुरा गोल होतो, मोठ्या डोळ्यासारखा. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली पडतं. सावली मात्र उन्हाच्या दिशेप्रमाणे तिरकी जाते. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

रंग फिक्याकडून गडदकडे न्या. आधी आभाळ. कागद ओलसर करून पातळ निळा सोडा. तो वाळू लागेल तसा लांबचा डोंगर द्या. डोंगर जितका दूर, तितका फिका आणि निळसर.

आता पूल. दगड काळा म्हणून थेट काळा रंग घ्याल, तर चित्र मेलंच म्हणून समजा! उन्हातला काळा पाषाण नीट पाहा. त्यात पिवळट, तांबूस, राखाडी, शेवाळी अशा किती छटा दिसतात. आधी पिवळ्या मातकट रंगात, म्हणजे यलो ऑकरमध्ये, थोडा बर्न्ट सायना मिसळून सगळ्या पुलावर एक पातळ हात द्या. कठड्याची उन्हातली कड कोरी सोडा. पहिला हात वाळला की बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन निळा एकत्र करा. त्यातून सुंदर राखाडी तयार होतो. त्याने सावलीची बाजू आणि कमानीचं पोट रंगवा. कमानीच्या पोटातही काळोख मिट्ट नसतो. खालच्या पाण्यावरून उजेड परततो आणि तिथे हलकासा थरथरत असतो.

प्रत्येक दगड मोजून काढू नका. कुठे चार, कुठे सहा दगडांच्या कडा दाखवा. बाकीचे दगड पाहणाऱ्याचा डोळा आपोआप भरून घेतो. कमानीच्या कडेचे पाचरीसारखे दगड मात्र जपून काढा. सगळा भार तेच तर वाहताहेत.

शेवटी पाणी. गडद वस्तूचं प्रतिबिंब पाण्यात किंचित फिकं दिसतं आणि उजळ वस्तूचं किंचित गडद. रंग ओला असतानाच वरून खाली कुंचला ओढा आणि हात आवरा. मध्ये एखादी आडवी, पातळ, कोरी रेघ राहू द्या. वाऱ्याची झुळूक पाण्यावरून गेली की तशी रेघ उमटते.

कॅमेऱ्याच्या आधी

मोबाइलवर एका सेकंदात फोटो निघतो, मग तासभर हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. फोटो जरूर काढा. पण कॅमेरा नव्हता तेव्हा जलरंगानेच जग टिपून ठेवलं. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचे चित्रकार होते. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्यांनी चित्रं काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी 1790 साली चितारला. कार्ला, वेरूळ इथली लेणीही काढली. त्यांची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तो गेंडा गेला, शिकारखाना गेला, पेशवाईही गेली. गंगारामांनी पाहिलेला गेंडा मात्र आपल्याला आजही पाहता येतो.

स्मरणचित्र

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना स्मरणचित्र हा शब्द ठाऊक असेल. समोर काही नसताना, आठवून काढलेलं चित्र. आपल्या भागात एक अख्खं गाव असं आहे, की ते आता आठवूनच काढावं लागतं. ते म्हणजे आंबेगाव!

गोंधळलात? आंबेगाव तालुका आहे, पण त्याची कचेरी आहे घोडेगावला. मग आंबेगाव कुठे आहे? विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात घोड नदीवर दिंभ्याजवळ मोठं धरण झालं. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलं आहे. परदेशी मालाची गाडी अडवताना 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत बलिदान देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. या धरणाच्या पाण्यावर पूर्वेकडची कोरडी शेतं हिरवी झाली. पण त्याच पाण्याखाली डोंगरातल्या कितीतरी कुटुंबांची घरं आणि भातखाचरं गेली आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिलं, ते आंबेगावही गेलं. लोकांना आपापला संसार दुसरीकडे मांडावा लागला. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात आणि पावसाळा आला की पुन्हा बुडतात.

त्या गावची बाजाराची वाट कशी होती, नदीचा उतार कुठे होता, देवळापुढे कुठलं झाड होतं, हे ज्यांनी पाहिलं ती माणसं आता आजी-आजोबा झाली आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी असेल, तर एक काम करा. त्यांच्याजवळ कागद घेऊन बसा. ते सांगतील तसं काढा. ‘नाही रे बाळा, पार जरा डावीकडं होता,’ असं ते म्हणाले की खोडा आणि पुन्हा काढा. चित्र परीक्षेत नंबर येण्याजोगं झालं नाही तरी चालेल. पार डावीकडे होता, हे तरी कागदावर राहील.

आणि तुमच्या गावचा दगडी पूल? तो अजून समोर आहे. उद्या शेजारी नवा रुंद पूल होईल. तो हवाच आहे, कारण आजच्या ट्रक आणि बस पेलायला जुना पूल बांधलेला नव्हता. मग जुना राहील किंवा पाडला जाईल. म्हणून येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन काठावर जा. पालकांनो, तुम्हीही एक कागद घ्या. कमानींचा आकडा तुम्हालाही सांगता येणार नाही, पैज लावा!

चित्र वाळलं की उलटं करा आणि मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: गावाचं आणि नदीचं नाव, तारीख, त्या दिवशी पाणी किती होतं आणि कमानी किती. सही खाली करा. हा मजकूर विसरू नका. पन्नास वर्षांनी कोणी ते चित्र हातात घेतलं, तर रंग कदाचित फिके झालेले असतील, पण पुलाला कमानी किती होत्या, हे त्याला विचारत फिरावं लागणार नाही.